झडपेवरचा हिरवा ठिपका

“मॅडम, हा हिरवा ठिपका त्या दुसऱ्या बॉक्सवर लावलात तर कोणाला कळणार आहे?”

मानसी परब इम्प्लांट स्टोअरच्या दारात उभी होती. अंगावर हॉस्पिटलचा गाऊन, त्यावर घरची ओढणी, मनगटावर नावाचा पट्टा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. वॉर्डमधून ती एकच मजला चढून आली होती. तेवढ्याने तिला इतकी धाप लागली होती की वाक्य संपल्यावर ती चौकट धरून थांबली. मी तिला खुर्ची दिली. 

रेवा, ईशान, मागच्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर रेवाने शाळेचा होमवर्क दाखवला. बरीच चित्रं होती आणि त्यांचे दोन गट करायचे होते. एका गटात खरोखर सजीवापासून आलेल्या वस्तू, दुसऱ्यात सजीवाकडे बघून माणसाने बनवलेल्या. लोकर पहिल्या गटात. कपड्यांना चिकटणाऱ्या काटेरी बियांवरून सुचलेलं वेल्क्रो दुसऱ्या गटात. रेवा म्हणाली, “इट्स सो ईझी, आजी.” मी म्हटलं, हेच काम मी पगार घेऊन केलं आहे. तुमच्या आईने लगेच विषय बदलला, कारण ती गोष्ट तिला माहीत आहे. पण तुम्ही दोघं आता लहान नाही. म्हणून लिहिते. एखादा मराठी शब्द अडला तर आईला विचारा.

मी शिकले मायक्रोबायॉलॉजी. नोकरीची शेवटची वर्षं परळच्या एका ट्रस्ट हॉस्पिटलात गेली. हृदयविभागाचं इम्प्लांट स्टोअर माझ्याकडे होतं. इम्प्लांट म्हणजे शरीरात बसवून तिथेच ठेवायची वस्तू. पेसमेकर, स्टेंट, कृत्रिम रक्तवाहिनी, आणि हृदयाच्या झडपा, ज्यांना आम्ही दिवसभर नुसतं ‘व्हॉल्व्ह’ म्हणत असू. मापं सांभाळायची, एक्स्पायरी बघायची, काही वस्तू थंडीत ठेवायच्या, आणि ऑपरेशनच्या वेळी नेमकी हवी ती वस्तू नेमक्या टेबलावर पोहोचवायची. चूक चालत नाही. मला ते काम आवडायचं.

झडप म्हणजे एका बाजूला उघडणारं दार. हृदयात अशी चार दारं आहेत. रक्त पुढे जातं, दार मिटतं, रक्त मागे येत नाही. लहानपणी घसा दुखून ताप येतो, सांधे सुजतात, नीट उपचार होत नाहीत, आणि कधी कधी त्या तापाचा परिणाम झडपेवर राहून जातो. झडप जाड होते, आखडते. दार अर्धंच उघडतं. मानसीचं तसंच झालं होतं. वय सत्तावीस. काळाचौकीच्या चाळीत सासर. दादरला एका बुटिकमध्ये ब्लाउजवर आरीचं भरतकाम करायची.

खराब झडप काढून दुसरी बसवतात. दुसरी दोन प्रकारची असते. एक यांत्रिक. कडक कार्बनची रिंग आणि त्यात उघडमीट करणाऱ्या दोन चकत्या. ती पूर्णपणे माणसाने बनवलेली. निसर्गाचं दार बघायचं, त्याचं काम समजून घ्यायचं आणि दुसऱ्याच पदार्थात तेच काम उतरवायचं. ती जन्मभर टिकू शकते. पण परक्या कार्बनवर रक्त गोठू बघतं. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज, मरेपर्यंत. दुसरी झडप टिश्यूची. डुकराच्या हृदयातली झडप, नाहीतर गोवंशाच्या हृदयाभोवतीचं पातळ आवरण घेतात, रसायनात मुरवतात आणि चौकटीवर शिवतात. ती द्रावणाने भरलेल्या बरणीत येते. तिला ती गोळी जन्मभर लागत नाही. पण तरुण माणसात ती दहा-पंधरा वर्षांत झिजते, आणि मग पुन्हा ऑपरेशन.

ज्या तरुण बाईला मूल हवं आहे तिच्यासाठी हा फरक फार मोठा असतो. ती गोळी पोटातल्या गर्भाला बाधू शकते. गोळी थांबवावी तर झडपेवर गाठ धरते. अशा बाळंतपणात डॉक्टरांची झोप उडते. म्हणून मानसीच्या सर्जन, डॉ. स्नेहल कांबळे, यांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, “तू टिश्यू घे. दोन मुलं होऊ दे. पुढे परत ऑपरेशन करावं लागेल, ते मी करीन. मी अजून म्हातारी झालेली नाही.”

डॉ. कांबळे माझगावच्या चाळीत वाढलेल्या. बोलणं सरळ, हात त्याहून सरळ.

मानसीला टिश्यूच हवी होती. अडचण ठिपक्याची होती.

तुम्ही इथे येता तेव्हा बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा किंवा तपकिरी ठिपका बघता ना? हिरवा म्हणजे शाकाहारी, तपकिरी म्हणजे मांसाहारी. आमच्या हॉस्पिटलात तो ठिपका हृदयाच्या झडपांवर होता. आणि तो लावणारी मी होते.

त्याचं कारण खोटं नव्हतं. एका कट्टर शाकाहारी गृहस्थांच्या छातीत कृत्रिम रक्तवाहिनी बसवली होती. ती विणलेल्या कापडाची असते. कापडातून रक्त झिरपू नये म्हणून त्यावर जनावरांपासून काढलेल्या जिलेटिनचा हात दिलेला असतो. हे त्यांना नंतर कळलं. माणूस बरा झाला, पण आयुष्यभराचा नियम न विचारता मोडला म्हणून तो ट्रस्टींसमोर रडला. ट्रस्टींना वाईट वाटलं. मलाही वाटलं. विचारायला हवंच होतं.

मेडिकल डायरेक्टर डॉ. कोठारेंनी मीटिंग बोलावली. हुशार, अदबशीर माणूस. सगळे प्रश्न एका पानात सुटतात असा त्यांचा विश्वास.

“सोपं करू या,” ते म्हणाले. “जे जैविक आहे त्याला तपकिरी. जे माणसाने बनवलंय त्याला हिरवा. नातेवाइकांना एका नजरेत कळलं पाहिजे.”

“सर, कापड माणसाचं आणि वरचा लेप जनावराचा असेल तर?”

“तपकिरी.”

“रेशमी टाका? रेशीम किड्याचं असतं.”

“तपकिरी. नायलॉन हिरवा.”

“आणि आपल्याकडे मृत्यूनंतर दान केलेल्या माणसांच्या झडपा येतात. त्यांना काय लावू?”

डॉ. कांबळे मान खाली घालून हसत होत्या. शेवटी डॉ. कोठारे म्हणाले, “त्यांना काही लावू नका.”

“सर, अजून एक. हेपरिन.”

हेपरिन म्हणजे ऑपरेशनच्या वेळी हृदय थांबवून रक्त मशीनमधून फिरवतात तेव्हा ते गोठू नये म्हणून द्यायचं इंजेक्शन. ते डुकराच्या आतड्यापासून काढतात. त्याच्याशिवाय असं ऑपरेशन आमच्याकडे होत नव्हतं. झडप कुठलीही असो.

“ते औषध झालं,” डॉ. कोठारे म्हणाले. “आपण इम्प्लांटपुरतंच बोलतोय.”

“पण सर, मग हिरवा ठिपका बघून माणूस समजेल की सगळंच...”

“मॅडम, औषधांत शिरलो तर आपल्याला हॉस्पिटल बंद करावं लागेल.”

माझा आक्षेप मी लेखी दिला. तो वाचला गेला आणि ठिपके आले. एकदा काम अंगावर आलं की ते नीटच करायचं अशी माझी सवय. प्रत्येक कंपनीला पत्र लिहून प्रत्येक वस्तू कशापासून बनते ते मागवलं. कुठेही अंदाजाने ठिपका लावला नाही. डॉ. कांबळे स्टोअरमध्ये आल्या की म्हणायच्या, “मॅडम, एक हिरवी झडप द्या, ताजी बघून. वर कोथिंबीर फुकट ना?”

लोकांना मात्र ठिपके पटले. आमच्याकडे एक पद्धत होती. वस्तू वापरली की तिचा रिकामा बॉक्स ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, बाहेर आणून नातेवाइकांना दाखवायचा. सील बघा, नाव बघा, माप बघा. फसवलं नाही याची खात्री म्हणून. आता लोक सील बघत नसत. ठिपका बघत. हिरवा दिसला की हात जोडत.

आता परत त्या दुपारकडे येते.

मानसीच्या सासूबाई माळकरी. मालवणी घर, पण घरात मासळी शिजत नसे. मानसी स्वतः सांगायची, “माझे बोंबील माहेरी. इथे वासही नाय.” सासू कडक होती असं नाही. वॉर्डमध्ये सुनेचे केस विंचरताना मी तिला पाहिलं होतं. पण दाखल झाल्या दिवशी सिस्टरने ठिपक्यांची पद्धत समजावली तेव्हा ती म्हणाली होती, “आमचा हिरवाच.” नवरा प्रसाद, माझगावला गोदीत वेल्डर, नुसता मान हलवत उभा राहिला. मानसी काही बोलली नाही. आणि या घरात प्रश्न सुटला असं सगळ्यांनी धरलं.

खुर्चीत बसून दम लागणं कमी झाल्यावर मानसी परत म्हणाली, “मॅडम, मला टिश्यूच बसवायचीय. कांबळे मॅडमना मी सांगितलंय. सही पण मीच करणार. फक्त बॉक्स बाहेर येईल तेव्हा त्याच्यावर हिरवा असू दे. एवढंच. स्टिकरच तर आहे.”

“ते मी करणार नाही,” मी म्हटलं.

“का? तुमचं काय जातं?”

“माझं काही जात नाही. पण एका बॉक्सवर खोटा ठिपका लावला तर बाकीच्या बॉक्सवरच्या ठिपक्यांवर कोणी विश्वास का ठेवायचा?”

“बाकीच्यांचं जाऊ दे ना. माझं बोला.”

मी तिला दुसरा मार्ग सांगितला. पेशंट सज्ञान आहे. तिच्या शरीरात काय बसवलं हे दुसऱ्या कोणाला न सांगण्याचा तिला हक्क आहे. तिने लिहून दिलं तर बॉक्स बाहेर जाणारच नाही.

ती हसली. हसताना खोकली.

“मॅडम, वॉर्डमध्ये सगळ्यांना माहितीय. ज्यांचा बॉक्स बाहेर येत नाय त्यांचा तपकिरी. काल सहा नंबर बेडचं तसंच झालं. आमच्या आईंनीच मला सांगितलं.”

हे मला माहीत नव्हतं. स्टोअरमध्ये बसून असल्या गोष्टी कळत नाहीत.

“मग मी तुझ्या सासूबाईंशी बोलू का?” मी विचारलं. “तुझ्यासमोर, दहा मिनिटं. त्यांना गोळीचं सांगते, बाळंतपणाचं सांगते. आणि हेही सांगते की झडप कुठलीही घेतली तरी ऑपरेशनात डुकरापासून केलेलं औषध लागतंच. मग नियम कुठे धरायचा ते त्यांचं त्यांना ठरवू दे.”

मानसी खुर्चीतून उठली. 

“नको! मॅडम, तुमच्या पाया पडते. ते औषधाचं ऐकलं तर त्या मला आत्ताच्या आत्ता घरी नेतील. ऑपरेशनच होणार नाय. तुम्ही त्यांना ओळखत नाय.”

“डॉ. कांबळेंनी सांगितलं तर?”

“कोणीच नाय. मी पेशंट आहे ना? माझा हक्क आहे ना? मग मी सांगते, आईंना काही सांगायचं नाय.”

हक्काची गोष्ट मीच तिला दोन मिनिटांपूर्वी शिकवली होती. मी डॉ. कांबळेंना फोन केला. त्या वर आल्या, मानसीला शेजारच्या खोलीत घेऊन बराच वेळ बोलत बसल्या. दार बंद होतं, पण आवाज येत होता. शेवटी त्यांचा आवाज चढला, “अगं, सासू मोठी की तुझं पोर?” त्यावर मानसी काय म्हणाली ते ऐकू आलं नाही.

बाहेर आल्यावर डॉ. कांबळे म्हणाल्या, “मेकॅनिकल काढून ठेवा. माप सत्तावीस.” मग जाता जाता, “मॅडम, मनात आलं होतं की तुम्हाला म्हणावं, लावा एक स्टिकर.”

“म्हणाला असतात तरी मी नाही लावला असता.”

“माहितीय. म्हणून तर म्हटलं नाही.”

ऑपरेशन चांगलं झालं. हिरवा ठिपका असलेला बॉक्स बाहेर गेला. सासूबाईंनी तो कपाळाला लावला. प्रसादने मोबाइलवर त्याचा फोटो काढला.

यांत्रिक झडप असलेल्या माणसाजवळ शांत खोलीत बसलं तर छातीतून घड्याळासारखी टिकटिक ऐकू येते. मानसी तपासणीला आली की स्टोअरमध्ये डोकावायची. “ऐका मॅडम, मी चालू आहे,” म्हणायची. तिची धाप गेली होती. चेहरा भरला होता. परत दादरला कामाला जायला लागली. एकदा माझ्यासाठी ब्लाउज पीस घेऊन आली, बाह्यांवर बारीक पानं भरलेलं. टिश्यू न घेतल्याचा मी राग धरला असता तर बरं वाटलं असतं तिला, असं वाटून गेलं, कारण पीस देताना तिने माझ्याकडे बघितलं नाही.

डॉ. कांबळे तिला दर वेळी एकच गोष्ट सांगायच्या. दिवस राहिले, नुसता संशय आला, तरी त्याच दिवशी फोन कर. गोळी आपल्या मनाने थांबवू नकोस. गोळी बदलून इंजेक्शनं देता येतात, पण ते आम्ही ठरवणार. मानसी हो म्हणायची.

दुसऱ्या वर्षी तिला दिवस राहिले. तिने फोन केला नाही. तिने मोबाइलवर वाचलं की या गोळीने बाळाला व्यंग येतं. डॉक्टरांना सांगितलं तर ते पाडायला सांगतील, असं तिच्या मनाने घेतलं. कोणी तसं म्हटलं नव्हतं. तिने घरी बातमी सांगितली, पेढे वाटले गेले, आणि गोळी ती रोज तोंडात टाकून मोरीत थुंकत राहिली. सासू गोळ्या मोजून द्यायची. तिला वाटलं सून घेते आहे.

चौथ्या महिन्यात एका सकाळी प्रसाद तिला टॅक्सीत घालून घेऊन आला. तिला आडवं होता येत नव्हतं. तोंडाला फेस येत होता. मी ओटीकडे जाताना ती स्ट्रेचरवर दिसली. मी जवळ गेले. टिकटिक ऐकू येत नव्हती.

झडपेवर रक्ताची गाठ धरली होती. दोन चकत्यांपैकी एक अडकली होती. लगेच हेपरिन सुरू केलं. ऑपरेशनची तयारी करायला थोडा वेळ मिळणार होता.

तेवढ्यात सासूबाई माझ्याकडे आल्या. स्टोअर कुठे आहे हे विचारत आल्या असणार. पायांत चप्पल नव्हती.

“ता इंजेक्शन चालू केल्यानी, थेंबाथेंबान. बाजूच्या बेडवरची बाय म्हणता, ता डुकरापास्ना करतत. माका खरा सांगा.”

मानसीने मला मनाई केली होती. पण ती मनाई पहिल्या ऑपरेशनच्या वेळची होती, आणि आता ही बाई माझ्यासमोर उभी राहून सरळ प्रश्न विचारत होती. माझ्याकडे खोटं उत्तर नव्हतं.

“हो,” मी म्हटलं. “डुकराच्या आतड्यापासून करतात.”

“आणि त्या येळाक? पयल्या ऑपरेशनाक?”

“तेव्हाही दिलं होतं. सगळ्यांनाच देतात.”

मला वाटलं आता त्या वॉर्डमध्ये जाऊन सलाइन काढायला लावतील. वॉर्डच्या सिस्टरला फोन करायला मी हात पुढेही केला.

“मगे त्या हिरव्या ठिपक्याचा काय झाला?”

“तो फक्त झडपेपुरता होता.”

“आणि दुसरी झडप घेतल्यान असतान तर? ती तपकिरी? तर ह्या असा झाला असता?”

मी गोळीचं सांगितलं. गोळी लागली नसती, हे सांगितलं. यापेक्षा कमी सांगता आलं नसतं. त्यांनी नेमकं तेच विचारलं होतं.

परबबाई खाली बसल्या, स्टोअरच्या फरशीवर, बरण्यांच्या रॅकला टेकून. रडल्या नाहीत.

“माका कोणी इचारल्यान नाय,” त्या म्हणाल्या. “सिस्टर म्हणाली हिरवो की तपकिरी. मी म्हटलंय हिरवो. दुकानात म्हणतंय तसा. पोराच्या आड येता असा कोण बोललाच नाय. गळ्यात माळ घातलंय मी, बाये. डोळ्यांर पट्टी नाय बांधूक.”

“मानसीला वाटलं तुम्ही तिला घरी घेऊन जाल.”

“ती माका घाबारली?” हा प्रश्न त्यांनी दोनदा विचारला. मग पदराने तोंड पुसून उठल्या. “आता जा काय लागता ता घाला. डुकराचा, माणसाचा, कसला असात ता. देवाक काय सांगूचा ता मी सांगान.”

डॉ. कांबळेंनी त्या दिवशी टिश्यू झडप बसवली. बरणी उघडून, झडप सलाइनमध्ये धुऊन द्यायला मी स्वतः आत गेले होते. घाईतही ती नीट धुवावी लागते, रसायनाचा अंश राहता कामा नये. मी धुतली. मशीनवर रक्त फिरत असताना सोनोग्राफीची डॉक्टर पोटावर प्रोब धरून बसली होती. थोड्या वेळाने तिने प्रोब काढून पुसून ठेवला. डॉ. कांबळेंचे हात थांबले नाहीत.

मानसी वाचली. मूल गेलं. त्या दिवसांत हृदयाच्या स्नायूवर जो ताण आला त्याने तो कायमचा कमजोर झाला. ज्या झडपेने आता तिला बाळंतपण जमलं असतं ती छातीत आहे, पण ते बाळंतपण पेलणारं हृदय राहिलेलं नाही. डॉ. कांबळेंनी तिला पुन्हा मूल होऊ देऊ नकोस असं सांगितलं. हे सांगताना त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं होतं. का ते माहीत नाही. मानसी मला एवढंच म्हणाली, “आईंनी हो म्हटलं असतं, मॅडम. काल त्या मला म्हणाल्या.”

तुम्ही विचाराल, आजी, तू तो स्टिकर लावायला हवा होता का? तुमच्या आईनेही विचारलं होतं. माझं उत्तर बदललेलं नाही. लावायला नको होता. खोट्या ठिपक्याने मानसीचं मूल वाचलं असतं, हे खरं. पण जिथे पेशंटच्या सोयीने लेबल बदलतं त्या स्टोअरमधली वस्तू मी तुमच्या छातीत बसवू देणार नाही. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. त्यांची बेरीज करायचा प्रयत्न मी सोडून दिला आहे.

नंतर मी डॉ. कोठारेंना सांगायला गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. डोळ्यांत पाणी आलं असावं, त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, “म्हणजे औषधांनाही ठिपके लावायला हवेत.” मी म्हटलं, सर, ठिपके काढा आणि प्रत्येक घराशी अर्धा तास बोला. ते म्हणाले, अर्धा तास देणारा माणूस कुठून आणू? हाही प्रश्न खोटा नव्हता. महिन्याभराने मी रिटायर झाले. ठिपके अजून आहेत. माझ्या जागी आलेली मुलगी नेटकी आहे. एकही ठिपका चुकीचा लावत नाही.

रेवा, तुझ्या होमवर्कमध्ये दोन गट बरोबरच होते. कोणती वस्तू कुठून आली हे शोधून काढता येतं, आणि ते शोधावं. फक्त पुढे कधी कोणी तुम्हाला एखाद्या गोष्टीवर खूण करायला सांगितली, तर ती खूण बघून लोक कोणता प्रश्न विचारायचं थांबवतील, हे आधी बघून घ्या. आमचे ठिपके शंभर टक्के बरोबर होते. म्हणूनच कोणाला पुढे बोलायची गरज वाटली नाही.

मानसी अजून आरीकाम करते. तपासणीला येते तेव्हा सासू बरोबर असते. मी कधी परळला गेले तर दोघी भेटतात. डॉ. कांबळे म्हणतात, ही झडप दहा-बारा वर्षांत झिजेल आणि तिसऱ्यांदा छाती उघडावी लागेल. तेव्हा मी नसेन. परबबाईही बहुधा नसतील. तसं त्यांनीच मला सांगितलं, आणि सुनेला पुढे करून म्हणाल्या, “हिका सगळा समजावन सांगा आताच. कोणाक काय इचारूचा ता.”

मी सांगितलं. अर्धा तास लागला.